हेअर ट्रान्सप्लांट: एफयूटी, एफयूई की डीएचआय? पद्धत निवडण्याआधी करायचा हिशोब

हेअर ट्रान्सप्लांटची चौकशी सुरू केली की पहिल्याच भेटीत नावांचा मारा होतो: एफयूटी, एफयूई, डीएचआय, सफायर, रोबोटिक, शिवाय प्रत्येक क्लिनिकने स्वतः दिलेली नावं वेगळीच. प्रत्येक नाव म्हणजे एक स्वतंत्र पद्धत, असं समजून माणूस तक्ते करून तुलना करत बसतो आणि निकाल ज्यावर ठरतो ते प्रश्न विचारायचेच राहून जातात.

मुळात या शस्त्रक्रियेचे टप्पे तीनच. डोक्याच्या मागच्या भागातून केसांची मुळं काढायची, टक्कल पडलेल्या जागी त्यांच्यासाठी बारीक छेद पाडायचे, आणि मुळं त्या छेदांत बसवायची. यातल्या पहिल्या टप्प्याचे मार्ग फक्त दोन आहेत. कातडीची पट्टी कापून काढली तर ती एफयूटी. बारीक पोकळ पंचने एकेक पुंजका सुटा केला तर ती एफयूई. सफायर हे छेद पाडण्याच्या पात्याचं नाव आहे. डीएचआय ही मुळं बसवण्याची रीत आहे. तिच्यातही मुळं निघतात ती एफयूईनेच. त्यामुळे 'एफयूई करू की डीएचआय?' हा प्रश्नच अर्धवट आहे. खरे प्रश्न दोन: माझ्या डोक्यातून किती मुळं निघू शकतात, आणि ती कोण काढणार आहे?

आधी निदान, मग पद्धत

ट्रान्सप्लांट ज्या एका तत्त्वावर उभं आहे ते न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेंट्राइक यांनी १९५९ साली मांडलं. केस ज्या जागेवरून काढला त्या जागेचा गुण तो नव्या जागीही टिकवतो. मागच्या आणि कानांवरच्या पट्ट्यातले केस आनुवंशिक टकलाला सहसा दाद देत नाहीत, म्हणून ते पुढे लावले तरी टिकतात. पण याचाच अर्थ असा की मागचे केसही विरळ होत असतील, तर लावलेलेही तसेच विरळ होतील. आणि हेही लक्षात घ्या की ट्रान्सप्लांटने डोक्यावरचा एकही केस वाढत नाही. आहे तीच शिल्लक एका खात्यातून दुसऱ्या खात्यात वळवली जाते.

म्हणून पहिली भेट त्वचारोगतज्ज्ञाची. आजार, बाळंतपण, झपाट्याने घटवलेलं वजन किंवा तीव्र ताणानंतर दोन-तीन महिन्यांनी सुरू झालेली गळती बहुतेकदा आपोआप थांबते. तिथे शस्त्रक्रियेचा संबंधच नाही. चाई पडली असेल आणि ती सक्रिय असेल, किंवा लायकेन प्लॅनोपायलॅरिससारखा व्रण पाडणारा आजार सुरू असेल, तर लावलेले केसही तो आजार खाऊन टाकतो. स्त्रियांमध्ये हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासल्याशिवाय पुढे जाऊच नये. जखमेवर जाड, वाढत जाणारे व्रण येण्याची प्रवृत्ती, आटोक्यात नसलेला मधुमेह, रक्त पातळ करणारी औषधं हे सगळं पहिल्याच भेटीत सांगायचं.

वय हा फार कळीचा मुद्दा आहे. पंचविशीच्या आत टक्कल कुठवर जाणार याचा अंदाज येत नाही. बाविसाव्या वर्षी केसांची पुढची रेषा खाली आणून दाट करून घेतली आणि पस्तिशीपर्यंत तिच्यामागचे केस गेले, तर कपाळावर केसांचं एक बेट उरतं, मागे मोकळी जागा, आणि ती भरायला डोनरमध्ये, म्हणजे मुळं काढायच्या मागच्या भागात, पुरेशी मुळं नाहीत. अशा वयात आधी किमान वर्षभर औषधोपचार करून गळती स्थिर होते का ते पाहणं हाच शहाणपणा. फिनास्टेराइड १ मिलिग्रॅम रोज आणि लावायचं मिनॉक्सिडिल ही पुरुषांतली मुख्य औषधं. फिनास्टेराइडने काही जणांना कामेच्छा घटल्याचा किंवा लैंगिक अडचणींचा त्रास होतो, प्रोस्टेटच्या पीएसए तपासणीचा आकडा जवळजवळ निम्मा दिसतो, आणि गरोदर स्त्रीने फुटलेली गोळी हाताळायची नसते. म्हणून ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायचं. ट्रान्सप्लांट झालं म्हणून औषध बंद करता येत नाही. लावलेले केस राहतात, त्यांच्या अवतीभवतीचे मूळचे केस मात्र जात राहतात.

डोनरचा हिशोब

केस डोक्यावर एकेकटे उगवत नाहीत. एक ते चार केसांचे नैसर्गिक पुंजके असतात. एक पुंजका म्हणजे एक ग्राफ्ट. मागच्या भागात दर चौरस सेंटिमीटरला साधारण ६५ ते ८५ पुंजके असतात, आणि एका पुंजक्यात सरासरी दोनाहून थोडे जास्त केस. ज्या पट्ट्यातून मुळं काढणं सुरक्षित समजलं जातं, त्याचं क्षेत्रफळ मोठ्या माणसाच्या डोक्यावर सुमारे २०० चौरस सेंटिमीटर धरा.

आता गणित करा. घनता ७५ असेल तर पट्ट्यात एकूण १५,००० पुंजके झाले. त्यातले ६,००० काढले तर दर चौरस सेंटिमीटरला ३० गेले आणि ४५ उरले. म्हणजे मागची घनता ४० टक्क्यांनी घटली. एवढ्यावर, विशेषतः केस आखूड असतील तर, बहुतेकांच्या डोक्यावर मागची विरळता जाणवायला लागते, आणि यापुढे खेचलं तर कीड लागल्यासारखे ठिपके दिसतात. म्हणून एका माणसाची आयुष्यभराची मर्यादा ढोबळमानाने ४,००० ते ६,००० ग्राफ्टची. केस बारीक किंवा घनता कमी असेल तर याहूनही कमी. 'एका दिवसात ६,००० ग्राफ्ट' असं आश्वासन कुणी देत असेल, तर तो तुमची सगळी शिल्लक एकाच दिवसात संपवायला निघाला आहे, किंवा पुंजके तोडून ग्राफ्टचा आकडा फुगवणार आहे.

घनतेइतकीच महत्त्वाची केसाची जाडी, आणि तिच्याबद्दल क्वचितच कुणी बोलतं. केस किती जागा झाकेल हे त्याच्या आडव्या छेदाच्या क्षेत्रफळावर ठरतं, आणि ते जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. ८० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा केस ५५ मायक्रॉनच्या केसापेक्षा दुपटीहून थोडा अधिक भरतो. त्यामुळे एकाला १,८०० ग्राफ्टमध्ये जो परिणाम दिसला, तोच दुसऱ्याला ३,००० मध्येही दिसेलच असं नाही. कुरळा किंवा लहरी केस सरळ केसापेक्षा जास्त झाकतो. काळे केस आणि उजळ त्वचा असा ठळक फरक असेल तर विरळपणा जास्त उठून दिसतो.

तपासणीत डॉक्टरांनी डर्मोस्कोप किंवा ट्रायकोस्कोप (त्वचा आणि केस मोठे करून दाखवणारं भिंग) मागच्या भागावर आणि कानांच्या वर तीन-चार ठिकाणी टेकवून तीन गोष्टी मोजायला हव्यात: दर चौरस सेंटिमीटरला पुंजके किती, पुंजक्यात केस सरासरी किती, आणि बारीक होत चाललेले केस किती टक्के. मागच्या पट्ट्यातलेच २० टक्क्यांहून जास्त केस बारीक झालेले दिसले, तर डोनरच भरवशाचा नाही. अशा वेळी चांगला सर्जन नकार देतो. नुसत्या मोबाइलवरच्या फोटोंवरून ग्राफ्टचा आकडा आणि तारीख देणाऱ्याने यातलं काहीच मोजलेलं नसतं.

किती ग्राफ्ट लागतील

हे घरीही काढता येतं. डोक्यावर स्वयंपाकघरातली पारदर्शक प्लास्टिकची फिल्म ताणून बसवा, विरळ भागाची कड मार्करने आखा, फिल्म आलेखाच्या कागदावर पसरून सेंटिमीटरचे चौकोन मोजा. पुढचा भाग, मधला भाग आणि टाळूवरचा भोवरा वेगवेगळे मोजायचे.

मूळ घनतेच्या निम्म्यापर्यंत केस गेले तरी डोळ्यांना विरळपणा फारसा कळत नाही. म्हणूनच पूर्ण घनता परत आणायची गरज नसते, आणि ती आणताही येत नाही. पुढच्या रेषेलगतच्या भागात ३५ ते ४५ ग्राफ्ट दर चौरस सेंटिमीटर, मधल्या भागात २५ ते ३५, भोवऱ्यावर २० ते ३० एवढ्यात नैसर्गिक दिसणारं काम होतं. समजा पुढचा भाग ४० चौरस सेंटिमीटर आहे: ४० गुणिले ४० म्हणजे १,६००. मधला ३० चौरस सेंटिमीटर, ३० च्या घनतेने ९००. एकूण २,५००. भोवरा ६० चौरस सेंटिमीटर असेल तर तो एकटाच आणखी १,२०० ते १,८०० ग्राफ्ट घेतो, आणि आरशात तो आपल्याला दिसतसुद्धा नाही. तिथे केस सगळ्या दिशांना फाकतात, त्यामुळे एकमेकांवर पडून झाकत नाहीत. डोनर मर्यादित असेल तर आधी पुढचा आणि मधला भाग, भोवरा शेवटी. तरुण माणसाचा भोवरा तर सुरुवातीला सोडूनच द्यावा, कारण भोवतालची कड वर्षागणिक पसरत जाते आणि मध्ये लावलेली चकती एकटी पडते.

एफयूटी: पट्टीची पद्धत

मागच्या भागातल्या सर्वांत दाट, सर्वांत टिकाऊ पट्ट्यातून १ ते १.५ सेंटिमीटर रुंद आणि साधारण २० ते ३० सेंटिमीटर लांब कातडीची पट्टी काढतात. पात्याचा कोन केसांच्या कोनाशी समांतर ठेवावा लागतो, नाहीतर कडेची मुळं उभी कापली जातात. जखम टाके किंवा स्टेपलने बंद करतात. चांगला सर्जन एका कडेची वरची त्वचा सुमारे १ मिलिमीटर तासून मग टाके घालतो; त्यामुळे पुढे व्रणातूनच केस उगवतात आणि रेघ झाकते. पट्टीचे पातळ काप करून स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली एकेक पुंजका वेगळा करतात. मायक्रोस्कोप न वापरता साध्या भिंगावर हे काम चालत असेल तर तिथून उठावं.

२५ सेंटिमीटर गुणिले १.२ सेंटिमीटर म्हणजे ३० चौरस सेंटिमीटर. ७५ च्या घनतेने २,२५० ग्राफ्ट. हे सगळे सर्वांत सुरक्षित भागातले असतात. मायक्रोस्कोपखाली कापल्यामुळे त्यांच्याभोवती थोडं मऊ संरक्षक आवरण राहतं, म्हणून ते हाताळताना कमी सुकतात. बाकीचं डोकं भादरावं लागत नाही. ज्यांना केस वाढलेलेच ठेवून कामावर जायचं आहे, विशेषतः स्त्रियांना, त्यांच्यासाठी हा मोठा फायदा.

तोटा एकच, पण कायमचा: मागे एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत रेघ राहते. काम चांगलं झालं तर ती १ ते ३ मिलिमीटरची असते आणि दीड-दोन सेंटिमीटर केसांखाली दिसत नाही. कातडी घट्ट असताना रुंद पट्टी काढली तर ती ताणून पसरते. दोन्ही तळवे मागच्या भागावर दाबून कातडी वर-खाली सरकवून पाहा. जेमतेम हलत असेल तर एफयूटी टाळलेली बरी. टाके १० ते १४ दिवसांनी काढतात, व्रणाच्या वरच्या भागात बधिरपणा काही आठवडे ते महिने राहू शकतो, आणि मान ताणणारा व्यायाम किमान ४ ते ६ आठवडे बंद ठेवावा लागतो.

एफयूई: एकेक पुंजका

यात मागचे केस १ ते २ मिलिमीटरपर्यंत भादरून ०.८ ते १ मिलिमीटर व्यासाच्या पंचने पुंजक्याभोवती गोल छेद देतात, मग बारीक चिमट्याने तो अलगद वर काढतात. ऐकायला सोपं, करायला अवघड. कारण केस कातडीतून ज्या कोनात बाहेर पडलेला दिसतो, तोच कोन आत कायम राहत नाही. आत मूळ जास्त उभं जातं. पंच बाहेरच्या कोनावर भरवसा ठेवून खोल गेला की मूळ मध्येच चिरलं जातं. दुसरं, पुंजक्यातल्या दोन-तीन केसांची मुळं खाली फाकलेली असतात. पंच फार बारीक घेतला तर एखादं मूळ कापलं जातं, मोठा घेतला तर ठिपक्यासारखा व्रण मोठा राहतो. म्हणून कुशल सर्जन पंच ठरावीक खोलीपर्यंतच, साधारण ३ ते ४ मिलिमीटर, नेतो आणि उरलेला भाग चिमट्याच्या हलक्या ओढीने सोडवतो. ओढ जास्त झाली की मुळावरचं आवरण सोलून निघतं. तसा ग्राफ्ट दिसायला शाबूत असतो पण नीट उगवत नाही.

काम सुरू करताना पहिले ३०-४० ग्राफ्ट काढून भिंगाखाली पाहायचे, चिरलेले मोजायचे, आणि गरजेप्रमाणे पंचचा व्यास, प्रकार किंवा खोली बदलायची, ही शिस्त जिथे आहे तिथे काम चांगलं होतं. चिरण्याचं प्रमाण ५ टक्क्यांच्या आत असावं. १० च्या वर गेलं तर थांबून कारण शोधायला हवं. हा आकडा सर्जनला सरळ विचारा. 'आमच्याकडे एकही चिरत नाही' हे उत्तर खरं असू शकत नाही.

एफयूईत व्रण राहत नाही, असं सांगतात ते चूक आहे. रेघ राहत नाही, पण प्रत्येक ग्राफ्टमागे एक पांढुरका ठिपका राहतो. केस काही मिलिमीटर असले की तो सहसा दिसत नाही. वस्तऱ्याने डोकं गुळगुळीत केलं तर दिसतो. बरं होणं मात्र झपाट्याने होतं. टाके नाहीत, दुखणं कमी, आणि डोनरच्या जखमा आठवडाभरात मिटतात.

एफयूईचा खरा धोका डोनर ओरबाडला जाण्याचा. २,२५० ग्राफ्ट २०० चौरस सेंटिमीटरवर सारखे विखरून काढले तर दर चौरस सेंटिमीटरला ११ च जातात, ७५ चे ६४ उरतात आणि कुणाला कळतही नाही. तेच ग्राफ्ट घाईने ८० चौरस सेंटिमीटरमधून उपसले तर तिथे २८ गेले, आणि मागे पट्टा उघडा पडला. जागा अपुरी पडली की मानेजवळ किंवा कानाच्या अगदी वर सरकण्याचा मोह होतो. तिथले केस पुढे स्वतःच जाणारे असू शकतात. मग लावलेलेही जातात आणि मागचे ठिपकेही उघडे पडतात.

कुरळ्या केसांत, विशेषतः घट्ट कुरळ्या, मूळ कातडीखालीही वळलेलं असतं. तिथे सरळ पंचने चिरण्याचं प्रमाण वाढतं. असे केस असतील तर सर्जनला त्याच प्रकारच्या केसांचा अनुभव असायला हवा, किंवा एफयूटीचा विचार करावा.

सफायर, डीएचआय, रोबोट

सफायर म्हणजे नीलमण्याच्या स्फटिकाचं पातं. ते धारदार असतं आणि धार टिकते. पण मापात कापलेल्या पोलादी पात्याने पाडलेले छेदही तितकेच चांगले असतात. छेदाचा कोन, दिशा, खोली आणि एकमेकांतलं अंतर हे सगळं पातं धरणारा हात ठरवतो. फक्त 'सफायर' शब्दासाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही.

डीएचआयमध्ये ग्राफ्ट चोई पेन नावाच्या सुईसारख्या उपकरणात भरतात. सुई टोचली की छेद पडतो आणि दट्ट्या दाबला की ग्राफ्ट आत जातो. एक केसाच्या ग्राफ्टला सुमारे ०.६ मिलिमीटरची सुई, दोन-तीन केसांना ०.८ ते १ मिलिमीटरची. सहायक पेन भरत राहतात, सर्जन टोचत राहतो. जिथे मूळचे केस अजून बऱ्यापैकी आहेत आणि त्यांच्या मधे मधे भरायचं आहे, भादरायचं नाही, तिथे ही रीत खरोखर उपयोगी: शेजारच्या मुळांना धक्का कमी, ग्राफ्ट चिमट्यात दाबला जाण्याची शक्यता कमी. पण वेळ जास्त लागतो, पेन बोथट होतात, आणि भरणारा सहायक नवखा असेल तर ग्राफ्ट सुईत भरतानाच चिरडतो. मोठं, पूर्ण मोकळं टक्कल भरायला आधी छेद पाडून चिमट्याने लावणं किंवा त्याच छेदांत बोथट पेनने ग्राफ्ट सरकवणं तितकंच चालतं. डीएचआयने ग्राफ्ट जास्त उगवतात म्हणून ती घ्यावी, असं सांगायला ठोस आधार नाही.

रोबोटिक म्हणजे मुख्यतः आर्टास हे यंत्र. त्याला अमेरिकेची औषध नियामक संस्था एफडीएने २०११ मध्ये सरळ, गडद केसांच्या पुरुषांसाठी परवानगी दिली. तोही एफयूईच करतो, फक्त पंचचा कोन यंत्र ठरवतं.

दाढीचे केस हा राखीव साठा. जबड्याच्या खालच्या भागातून घेतलेले दाढीचे ग्राफ्ट जाड असतात, मधल्या भागाला आणि भोवऱ्याला भरीव करतात. पुढच्या रेषेत ते खुपतात. छातीचे केस कमी भरवशाचे, आणि फार लांब वाढतही नाहीत.

कुणाला काय

पस्तिशी ओलांडलेली, गळती स्थिर, फक्त कोपरे मागे गेलेले, १,५०० ते २,००० ग्राफ्टची गरज, केस आखूड ठेवायची सवय: एफयूई. बसवण्याची रीत सर्जनच्या हातात बसलेली असेल ती.

पुढचा आणि मधला भाग गेलेला, भोवराही उघडत चाललेला, घराण्यात पूर्ण टक्कल, म्हणजे आयुष्यभरात ५,००० च्या आसपास ग्राफ्ट लागणार. अशांनी पहिल्याच भेटीत एफयूटीचा विचार जरूर करावा. आधी पट्टी, नंतर उरलेल्या भागातून एफयूई, या क्रमाने एकूण ग्राफ्ट सर्वांत जास्त मिळतात. उलट क्रमात, एफयूईने विरळ केलेल्या भागातून पट्टी काढली, तर तेवढ्याच पट्टीत ग्राफ्ट कमी निघतात. आज एफयूटी अनेक ठिकाणी शिकवलीच जात नाही, म्हणून ती 'जुनी' ठरवून बाजूला सारली जाते. हे रुग्णाच्या हिताचं नाही.

डोकं अगदी बारीक ठेवायचं असेल, कातडी घट्ट असेल किंवा व्रण जाड होत असतील, तर एफयूटी नको. व्रण जाड होण्याची शंका असेल तर आधी थोड्याच ग्राफ्टची चाचणी करून काही महिने वाट पाहावी.

स्त्रियांमध्ये कपाळ मोठं असणं, घट्ट बांधून बांधून कडेचे केस गेलेले असणं यासाठी निकाल चांगले येतात. न भादरता एफयूटी किंवा लांब केसांची एफयूई, आणि भरायला पेन. सगळं डोकं सारखंच विरळ झालं असेल तर मागचा भागही विरळ असतो, तिथे औषधोपचारच.

सर्जनला विचारायचं

पंच कोण चालवणार आणि छेद कोण पाडणार, हा पहिला प्रश्न. उत्तर 'डॉक्टर स्वतः' हेच हवं, आणि ते लेखी हवं. इंटरनॅशनल सोसायटी ऑफ हेअर रिस्टोरेशन सर्जरी ही संस्थाही हेच सांगते की कातडी छेदण्याची कामं परवानाधारक डॉक्टरानेच करायची. ग्राफ्ट वेगळे करणं आणि बसवणं प्रशिक्षित सहायक करतात, त्यात गैर काही नाही. दिवसाला किती रुग्ण घेतले जातात तेही विचारा. एका सर्जनच्या नावावर एकाच दिवशी चार-पाच शस्त्रक्रिया असतील, तर पंच त्याच्या हातात नसणार हे उघड आहे.

एक, दोन, तीन आणि चार केसांचे ग्राफ्ट किती निघाले याची विभागणी मागा. २,५०० ग्राफ्टमध्ये ५,५०० केस असतील तर सरासरी २.२. तीच सरासरी १.५ आली, तर मुळं चिरली गेली किंवा आकडा वाढवायला पुंजके तोडले गेले.

फोटो पाहताना कोरडे, विंचरून मागे घेतलेले केस आणि आधीच्याच प्रकाशात काढलेले फोटो मागा. वर्षभरानंतरचे, आणि डोनरचेही.

पुढच्या रेषेची आखणी तुम्ही शुद्धीवर, आरशासमोर बसून करायची. भुवयांच्या मधल्या बिंदूपासून मध्यावर ७ ते ९ सेंटिमीटर ही बहुतेक पुरुषांना शोभणारी उंची. कानशिलाकडे कोपरे थोडे मागेच हवेत. पहिल्या दोन-तीन ओळींत फक्त एक केसाचे ग्राफ्ट, थोडे वेडेवाकडे, पुढे झुकलेल्या अरुंद कोनात. फूटपट्टीने ओढल्यासारखी सरळ रेघ किंवा पुढच्या ओळीत तीन केसांचे ग्राफ्ट लावले की लांबूनच कळतं, आणि ते दुरुस्त करायला पुन्हा डोनर खर्च होतो.

शस्त्रक्रियेच्या दिवशी

अ‍ॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारं कुठलंही औषध मनाने थांबवू नका. ते लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच. धूम्रपान आधी आणि नंतर किमान दोन-दोन आठवडे बंद, कारण निकोटिनने डोक्याच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात.

भूल जागेपुरती, लिग्नोकेन या औषधाची. अ‍ॅड्रेनालिन (रक्तवाहिन्या आकसवणारं औषध) सोबत तिची मर्यादा साधारण ७ मिलिग्रॅम प्रति किलो. ७० किलोच्या माणसाला ४९० मिलिग्रॅम, म्हणजे १ टक्का द्रावणाचे ४९ मिलिलिटर. २ टक्क्यांचे निम्मेच. मर्यादा ओलांडली तर जीभ आणि ओठ बधिर होणं, कानात आवाज, मग आकडी आणि हृदयाची लय बिघडणं इथवर जाऊ शकतं. म्हणून नाडी, रक्तदाब आणि ऑक्सिजनवर लक्ष ठेवणारा मॉनिटर, ऑक्सिजन आणि तातडीची औषधं खोलीत असायलाच हवीत. ती आहेत का, हे आधी जाऊन डोळ्यांनी पाहा. पार्लरसारख्या खोलीत ही शस्त्रक्रिया करून घेऊ नका.

काढलेला ग्राफ्ट शरीराबाहेर जितका राहील तितका कमी उगवतो. ढोबळमानाने दर तासाला एक टक्का नुकसान धरा. त्याहून वाईट म्हणजे सुकणं. काही मिनिटं उघड्यावर राहिला तरी तो मरतो. ग्राफ्ट थंड सलाइनमध्ये किंवा खास साठवण द्रावणात बुडालेलेच हवेत. ३,००० च्या पुढचं काम दोन दिवसांत विभागलं तर भूल आणि वेळ, दोन्ही आटोक्यात राहतात.

नंतरचे दिवस

पहिल्या रात्रीपासून चार-पाच दिवस डोकं ४५ अंशांत उंच ठेवून पाठीवर झोपायचं. दोन-तीन दिवस जागेपणी तासातासाला सलाइनचा फवारा. दुसऱ्या ते पाचव्या दिवशी कपाळावर, क्वचित डोळ्यांभोवती सूज येते. बर्फ कपाळावर ठेवा, ग्राफ्टवर कधीही नाही.

पहिलं धुणं ४८ ते ७२ तासांनी. शाम्पूचा फेस करून वरून ओतायचा, मगने हळू पाणी घालायचं. शॉवरची जोराची धार नाही, नखं नाहीत. सातव्या दिवसानंतर बोटांच्या पेरांनी हलकं गोल चोळत खपल्या मऊ करायच्या. नवव्या-दहाव्या दिवसापर्यंत ग्राफ्ट घट्ट बसतो. त्याआधी खपली ओढली तर तो बाहेर येऊ शकतो. रक्त आलं तर ग्राफ्ट निघाला असं समजा. खपलीसोबत नुसता केस आला आणि रक्त नाही, तर मूळ आतच आहे. १२ दिवसांनंतरही खपल्या तशाच राहू देऊ नका, त्यांच्याखाली जंतुसंसर्ग होतो. घाम काढणारा व्यायाम दोन आठवडे बंद, पोहणं आणि थेट ऊन महिनाभर टाळा.

लावलेल्या भागात काळपट-जांभळा डाग, वाढत जाणारी वेदना, ताप किंवा पू दिसला तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. फार दाट छेद पाडले, अ‍ॅड्रेनालिन जास्त झालं किंवा रुग्ण धूम्रपान करणारा असेल तर रक्तपुरवठा तुटून कातडी मरू शकते. हे क्वचित घडतं, पण घडलं तर तासातासाला नुकसान वाढतं.

दोन ते आठ आठवड्यांत लावलेले बहुतेक केस गळतात, कधी शेजारचे मूळचेही. हे अपेक्षित आहे. मूळ आत विश्रांतीत असतं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बारीक, थोडे वेडेवाकडे केस दिसू लागतात, सोबत काही पुळ्या येतात. गरम पाण्याच्या शेकाने बसल्या नाहीत तर डॉक्टरांना दाखवा. सहाव्या महिन्यापर्यंत साधारण निम्मा परिणाम, बाराव्यापर्यंत जवळपास पूर्ण. भोवऱ्याला १५ ते १८ महिने लागतात. त्याआधी 'कमी उगवले' म्हणून दुसरी बैठक ठरवू नका, आणि कुणी ती सहाव्या महिन्यात सुचवत असेल तर ऐकू नका.

निघताना शस्त्रक्रियेची नोंद मागून घ्या: ग्राफ्टची विभागणी, पंचचा व्यास, कुठल्या भागातून किती काढले, पट्टीची लांबी-रुंदी, भुलीची मात्रा, आणि आधी व लगेच नंतरचे डोनरचे फोटो. दहा वर्षांनी पुढचं काम करणारा सर्जन दुसरा असेल, आणि मागे काय उरलं आहे हे त्याला याच कागदावरून कळणार आहे.